सगळ्यांना सक्तीने सारखं करणाऱ्या भविष्याच्या गोष्टी सुचवा

चिंचबन

नमस्कार मंडळी,

आमच्या डोंबिवलीतल्या वाचनगटाने पावसाळ्यातल्या बैठकांसाठी एक विषय धरलाय. असा समाज, जिथे सरकारने माणसांना अगदी तंतोतंत समान करून टाकलंय. नुसती गरीब-श्रीमंत दरी मिटवली असं नव्हे. हुशारी, रूप, ताकद, सगळंच एका पातळीला आणून ठेवलेलं. आणि त्यात राहणारी माणसं.

गटात पंचविशीपासून सत्तरीपर्यंतची मंडळी आहेत, शिवाय दोघांची नववी-दहावीतली मुलंही येऊन बसतात. त्यामुळे एखादी गोष्ट बैठकीतच मोठ्याने वाचता येईल एवढी छोटी हवी, आणि एखादी कादंबरी नोकरी-घर सांभाळून महिन्याभरात संपेल अशी. इंग्रजी चालेल, मराठीत काही मिळालं तर दुधात साखर. मुख्य म्हणजे वाद झाला पाहिजे. मागच्या पुस्तकावर सगळ्यांचं इतकं एकमत झालं की वडे संपले तशी बैठकही संपली.

'१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' झालीत. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ही नको, तिथे माणसं बाटलीतूनच उच्च-नीच करून बाहेर काढतात. आमच्या विषयाच्या बरोबर उलट.

जुनी सायकल

पहिलं आणि बिनधोक उत्तर: कर्ट व्हॉनेगट यांची 'हॅरिसन बर्जरॉन', १९६१ ची. मोजकी पानं, मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटांत होते.

काळ २०८१. अमेरिकेच्या राज्यघटनेला २११, २१२ आणि २१३ वी दुरुस्ती झाली आहे आणि आता कोणीच कोणापेक्षा हुशार, देखणं किंवा चपळ नाही. म्हणजे तसं राहू दिलेलं नाही. जॉर्ज बुद्धिमान आहे, म्हणून त्याच्या कानात सरकारी रेडिओ. दर वीसेक सेकंदांनी त्यात कर्कश आवाज होतो. कधी दुधाच्या बाटलीवर हातोडी, कधी तोफांची सलामी. विचाराचं टोक हाताला लागतंय म्हणेपर्यंत सुटलंच. शिवाय गळ्यात ४७ पौंड छर्‍यांची पिशवी, तीही कुलूप लावून. एकेका छर्‍यामागे दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड, त्यामुळे घरातसुद्धा तो एकही काढत नाही. टीव्हीवर नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर वजनं, आणि देखण्या दिसू नयेत म्हणून चेहऱ्यावर मुखवटे. बातम्या सांगणाऱ्याला वाक्यच पुरं करता येत नाही.

जॉर्जची बायको हेझल. तिला काहीच लावलेलं नाही, ती आधीपासूनच सरासरी. दोघं टीव्ही बघत बसलेत आणि त्यांचाच चौदा वर्षांचा, सात फूट उंच मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळून थेट त्या टीव्हीवर येतो.

वादासाठी दोन जागा सांगतो (इथून पुढे शेवट फुटतो, ज्यांना नको त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं).

एक म्हणजे, हा मुलगा सुटल्यावर 'सगळे मोकळे व्हा' म्हणत नाही. तो म्हणतो, मी सम्राट आहे आणि मी सांगेन ते सगळ्यांनी ताबडतोब करायचं. मग एका नर्तिकेबरोबर उडी मारतो ती तीस फुटांवरच्या छतापर्यंत. बहुतेक लोक ही गोष्ट व्यक्तिस्वातंत्र्याचं स्तोत्र म्हणून वाचतात, पण लेखक नायकाचीही खिल्ली उडवतोय असं मला प्रत्येक वाचनात जास्त वाटत गेलं.

दुसरं, सगळ्यांची वजनं ठरवणारी जी अधिकारी बाई आहे ('हँडिकॅपर जनरल'), डायना मून ग्लॅम्पर्स, ती शेवटी स्टुडिओत शिरते आणि बंदुकीच्या दोन बारांत मुलाला आणि नर्तिकेला ठार करते. नेम अचूक. मग तिच्या हाताला वजन का नाही? आणि मध्येच एका वाक्यात लेखक सांगून जातो की हेझल दिसायला हिच्यासारखीच आहे. ते वाक्य वाचताना घाईने ओलांडू नका.

तिठा

+१. थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोड्यांच्या शर्यती बघितलेल्यांना ही ग्लॅम्पर्सबाई ओळखीची वाटेल. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, जॉकी हलका असला तर शिसं घालून भरून काढतात, आणि कुठल्या घोड्याला किती ते ठरवणाऱ्याला हँडिकॅपरच म्हणतात. हे मागच्या घोड्यांची दया येऊन करत नाहीत. शर्यत अटीतटीची झाली नाही तर पैसे कोण लावणार? तेव्हा गटात एक प्रश्न टाका: २०८१ मध्ये पैसे नेमके कोणाचे लागलेत?

गुणवंत

ही गोष्ट कॉलेजात असताना वाचलीय. २०८१ पर्यंत थांबायची गरज नाही, आपल्याकडे आजच चालू आहे. पंच्याण्णव टक्केवाल्याच्या गळ्यात पिशवी, आणि त्याने गप्प बसायचं. जास्त बोलत नाही, समजणाऱ्यांना समजलं असेल.

ओसरी

गुणवंत, हा मुद्दा येणारच होता, पहिल्याच पानावर आला ते बरं झालं. धागा पुस्तकांचा आहे म्हणून पुस्तकांनीच उत्तर देते.

तुमच्यासारखाच दाखला एका वकिलाने खुद्द अमेरिकेत दिला होता. कान्सास राज्यात शाळांच्या निधीवरून मोठा खटला चालला होता. २००५ मध्ये एका सधन भागाच्या शाळांची बाजू मांडताना ही गोष्ट न्यायालयासमोर ठेवली गेली: सगळ्या शाळांना सारखा पैसा म्हणजे हॅरिसनच्या गळ्यात वजन. व्हॉनेगट तेव्हा ८२ वर्षांचे होते. पत्रकारांनी विचारल्यावर त्यांनी हा अर्थ साफ नाकारला. गोष्ट बुद्धी आणि अंगच्या गुणांबद्दल आहे, आणि घरी पैसा असणं हा या दोन्हींचा पुरावा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

आता चिंचबन यांना मराठीत काय देता येईल? मी डॉ. आंबेडकरांचं 'ॲनाहिलेशन ऑफ कास्ट' सुचवेन. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, न झालेलं भाषण, १९३६. मराठी अनुवाद सहज मिळतात. ही काही कादंबरी नव्हे, पण समतेवरची तीन-चार पानं बैठकीत वाचाच. तिथे बाबासाहेब सुरुवातीलाच मान्य करतात की माणसं सारखी नसतात. माणसाचं सामर्थ्य तीन गोष्टींवर ठरतं: जन्मतः मिळालेलं शरीर, समाजाकडून मिळालेला वारसा (घरचं वळण, शिक्षण वगैरे) आणि स्वतःचे कष्ट. कष्टांप्रमाणे कमी-जास्त मिळालं तर त्यांची तक्रार नाही. पण पहिल्या दोनमुळे जो पुढे आहे त्यालाच निवडत राहिलात तर ती लायकांची निवड नव्हे, सोय असलेल्यांची निवड झाली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आणि समता ही कल्पित गोष्ट असेल तरीही कारभार तिच्याच तत्त्वावर चालवावा लागतो, हेही ते तिथेच सांगतात. राज्यकर्त्याला लाखो लोकांशी व्यवहार करायचा असतो, प्रत्येकाला वेगळं तोलत बसायला त्याच्याकडे ना वेळ, ना तेवढी माहिती.

व्हॉनेगटने वजन लावलंय ते उत्तम नाचणारीला. जिला नाचाच्या वर्गाचा उंबराच ओलांडू दिला नाही, तिची गोष्ट ती नाही.

गुणवंत

कान्सासचं माहीत नव्हतं, वाचतो. तरी माझं म्हणणं कायम आहे. सुरुवात सारखी करायला निघालेलं सरकार शेवटही सारखा करायच्या मोहात पडतंच. नाहीतर या सगळ्या लेखकांना ही भीती सुचलीच नसती.

ओसरी

मोह पडतो, मान्य. पण भीती कोणाला सुचते हेही बघा की. यातले बहुतेक लेखक वरच्या पायरीवर उभे राहून खाली बघणारे आहेत.

खुसखुस

वरच्या पायरीवरचेच घ्यायचे तर हसवणारे घ्या! जेरोम के. जेरोम. होय, 'थ्री मेन इन अ बोट'वालेच. त्यांचा 'द न्यू युटोपिया' नावाचा छोटा मजकूर आहे, १८९१ चा, म्हणजे व्हॉनेगटच्या सत्तर वर्षं आधी. हक्कमुक्त असल्यामुळे जालावर फुकट मिळेल.

निवेदक श्रीमंत समाजवादी मित्रांच्या क्लबात उंची वाइन आणि तितर-बितर हाणून, सगळे समान झाले पाहिजेत अशा गप्पा मारून झोपतो आणि जागा होतो तो एकोणतिसाव्या शतकात, संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत. घरमालकीण त्याला उठवायला विसरली होती म्हणे. बाहेर सगळे एकाच कपड्यात, सगळ्यांचे केस काळे, नावांऐवजी आकडे. आंघोळसुद्धा सरकार घालतं. कोणी फार उंच-दणकट निघाला तर त्याचा एक हात किंवा पाय कापून टाकतात, आणि कोणाचं डोकं जास्त चालत असेल तर शस्त्रक्रिया करून ते सरासरीवर आणतात. सांगणारा हे सगळं इतक्या सौजन्याने सांगतो की हसू येतं आणि मग दोन मिनिटांनी येत नाही.

ओसरींचा आक्षेप याला शंभर टक्के लागू आहे. कामगार चळवळ जोरात असतानाच्या इंग्लंडातला हा सुखवस्तू विनोद आहे. पण म्हणूनच व्हॉनेगटशेजारी ठेवून वाचायला मजा येईल.

(तितर-बितर म्हणजे फेझंट हो. पाककृती विचारू नये.)

निळी शाई

अजून कोणीच हार्टलींचं नाव कसं घेतलं नाही? एल. पी. हार्टली, 'फेशियल जस्टिस', १९६०. 'द गो-बिट्वीन' लिहिणारे तेच. मला या विषयावरची ही सगळ्यात अस्वस्थ करणारी कादंबरी वाटते, आणि सगळ्यात कमी वाचली गेलेली.

तिसरं महायुद्ध होऊन गेलंय. जमिनीखाली लपलेली माणसं वर आली आहेत आणि इंग्लंडवर एका अदृश्य हुकूमशहाचं राज्य आहे. फक्त आवाज ऐकू येतो, आणि आवाज मोठा प्रेमळ. प्रजेला तो गुन्हेगार समजतो, म्हणून सगळ्यांना खुन्यांची नावं दिलेली, वर आकडा. नायिकेचं नाव जेल ९७. मत्सर हा सगळ्या भांडणांचं मूळ ठरलाय. मग मत्सर कशाचा वाटतो? रूपाचा. तेव्हा सुंदर चेहऱ्याच्या बायकांनी केंद्रात जाऊन चेहरा मधल्या दर्जाचा, 'बीटा', करून घ्यावा. कुरूप असतील त्यांनीही तोच घ्यावा. सक्ती नाही बरं का! फक्त न घेणारीकडे शेजारणी कशा बघतात, तेवढंच.

जेलचं नाक-डोळे थोडे जास्तच बरे आहेत आणि तिला ते आवडतात. एकदा सहलीची बस ईली गावी जाते. तिथल्या कॅथीड्रलचा एक मनोरा युद्धातून उभा राहिलाय, आणि मान वर करून बघावं असं त्या सपाट देशात दुसरं काहीच उरलेलं नाही. परतताना अपघात होतो. रुग्णालयात शुद्धीवर येते तर चेहरा बदललेला. तिला कोणी विचारलंच नाही. पुढे ती सूड कसा उगवते ते वाचा. मधला भाग थोडा रेंगाळतो, हार्टलींना सूड लिहिण्यापेक्षा अपमान लिहिणं जास्त जमतं.

गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या कुठल्याही बाईला यावर बोलायला पुष्कळ असेल.

चिंचबन

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवली!

निळी शाई, मुलं असताना 'फेशियल जस्टिस' चालेल का? आणि सगळ्यांनाच विचारते: झामियातिनचं 'वुई' या विषयात बसतं का? एका काकांचा आग्रह आहे.

निळी शाई

भडक काही नाही, पण पंधरा वर्षांची पोरं कंटाळतील. त्यांच्यासाठी लोइस लॉरींचं 'द गिव्हर' (१९९३) घ्या. तिथे सारखेपणा इतका आहे की डोंगर, बर्फ आणि रंगसुद्धा काढून टाकलेत. बाराव्या वर्षात येऊ घातलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला एकदा सफरचंदात काहीतरी बदललेलं दिसतं, ते काय ते त्याला सांगता येत नाही. दोन दिवसांत वाचून होईल. २०१४ चा सिनेमा मात्र दाखवू नका.

जुनी सायकल

'वुई' बसतं, थोडं ओढून. काकांना माझा नमस्कार सांगा.

झामियातिन हे जहाजबांधणीचे इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात इंग्लंडात न्यूकॅसलला राहून रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेत होते. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी इंग्रजीत १९२४ ला आली आणि त्यांच्या स्वतःच्या देशात १९८८ ला. लेखक १९३७ मध्येच पॅरिसला वारले होते. घरं काचेची, नावांच्या जागी आकडे, सगळा देश एकाच मिनिटाला चमचा उचलतो आणि घास पन्नास वेळा चावतो. पडदे ओढायचे तर गुलाबी कुपन लागतं. निवेदक या सगळ्यावर खूश आहे, एकच खंत: लोकांची नाकं अजून वेगवेगळी आहेत, त्यामुळे मत्सराला जागा उरते! हार्टलींची अख्खी कादंबरी त्या नाकातून निघाली म्हणावं इतकं जुळतं.

पण तिथला मुख्य मुद्दा समानता नाही, गणितासारखं बिनचूक सुख हा आहे. विषयाला चिकटून राहायचं तर हार्टली.

कोणी आयन रँडचं 'अँथम' सुचवायच्या आत सांगतो, पातळ आहे, एका संध्याकाळी होतं, पण वाद होत नाही. लेखिकेने सगळी उत्तरं आधीच देऊन ठेवलेली असतात.

खारा वारा

इस्रायलहून लिहितोय, आमचं घर मूळचं अलिबागकडचं.

तुम्ही सगळे कल्पनेतल्या समाजांबद्दल बोलताय. इथे किबुत्झांमध्ये, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतवस्त्यांमध्ये, माणसांनी हे आपखुशीने करून बघितलंय. पहिला, देगानिया, १९१० चा. पगार सगळ्यांना सारखा, म्हणजे कोणालाच नाही. कपडे सामाईक धुलाईतून यायचे, जेवण एका भोजनगृहात, आणि बहुतेक किबुत्झांत मुलं आईबापांकडे न झोपता बालघरात. संध्याकाळचे काही तास भेट, मग पुन्हा तिकडे. मी स्वतः तिथे वाढलो नाही, पण वाढलेले माझ्याबरोबर काम करतात. एकाला ते बालपण स्वर्ग वाटतं, दुसरीला अजून रात्री दिवा लावून झोपावं लागतं. खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवावी की नाही यावर सभांमधून खल व्हायचा. किटली आली की लोक भोजनगृहात येणार नाहीत, ही भीती. आणि ती खरी ठरली.

मुलांनी घरी झोपायला सुरुवात होऊन आता जमाना झाला, आणि २००७ मध्ये देगानियानेही वेगवेगळ्या पगाराच्या बाजूने कौल दिला.

गटात सांगायचा मुद्दा एवढाच, की इथे गेट उघडं होतं. नाही पटलं तर पेटी उचलून निघता यायचं. तुमच्या एकाही कादंबरीत गेट नाही.

वाटाड्या

खारा वारा यांच्या शेवटच्या ओळीला जोडून: गेट बंद असतानाचंही उदाहरण आहे, त्यालाही भविष्य लागत नाही.

कंबोडिया. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले आणि सुमारे वीस लाखांचं ते शहर काही दिवसांत रिकामं केलं, रुग्णालयातल्या रोग्यांसकट. पैसा रद्द. मध्यवर्ती बँकेची इमारत स्फोटाने उडवली. बाजार, शाळा, टपाल बंद. सगळ्यांना काळे कपडे, सगळ्यांनी शेतात काम करायचं आणि सामाईक भोजनगृहात पातळ पेज प्यायची. घरी चूल पेटवणं गुन्हा. शिकलेला असणं जिवावर बेतायचं. जानेवारी १९७९ पर्यंत पंधरा ते वीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. लोकसंख्या होती ऐंशी लाखांच्या आसपास.

आणि इतकं सगळं सारखं करूनही तिथे दोन वर्ग होतेच. आधीपासून गावात असलेले 'जुने लोक' आणि शहरातून हाकललेले 'नवे लोक'. नव्यांना पेज आणखी पातळ. कार्यकर्त्यांची ताटं वेगळी. ग्लॅम्पर्सबाईंच्या हाताला वजन का नाही, असं वर कोणीतरी विचारलंय, त्याचं उत्तर इथे मिळतं.

कंबोडियाचे दिग्दर्शक रिथी पान यांचा 'द मिसिंग पिक्चर' (२०१३) हा माहितीपट दाखवा. ते तेव्हा लहान होते, घरचे बहुतेक सगळे गेले. त्या काळाची खरी चित्रं राजवटीने काढलेल्या प्रचारपटांपलीकडे नाहीत, म्हणून त्यांनी मातीच्या बाहुल्या करून स्वतःची आठवण मांडली. रक्त दिसत नाही. तरी नववीतल्या मुलांच्या आईवडिलांना आधी विचारा.

गुणवंत

वाटाड्या, हेच तर मी म्हणत होतो.

वाटाड्या

नाही हो. तुम्ही प्रवेशपरीक्षेबद्दल बोलत होतात.

संपादक मंडळ

प्रवेशपरीक्षा, आरक्षण इत्यादींसाठी वेगळे धागे आहेत. कृपया शिफारशींवर राहावे.

चिंचबन

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरतंय: पहिल्या बैठकीत 'हॅरिसन बर्जरॉन' मोठ्याने, लगेच 'द न्यू युटोपिया'चे निवडक भाग, आणि ओसरी म्हणतात ती आंबेडकरांची पानं. तिन्ही मिळून दीड तासात बसावं. दुसऱ्या बैठकीला 'फेशियल जस्टिस', मुलांसाठी समांतर 'द गिव्हर'. रिथी पानचा माहितीपट फक्त मोठ्यांसाठी, वेगळ्या दिवशी.

तिसरी बैठक अजून मोकळी आहे. काकांना 'वुई' नाही हे कोण सांगणार, तेही ठरायचंय.

उंबर

उशिरा आलो. तिसरीसाठी अर्सुला ल ग्विन यांचं 'द डिस्पझेस्ड', १९७४. जाड आहे, म्हणून शेवटी ठेवताय ते बरंच.

वरच्या सगळ्या पुस्तकांत सारखं करणारं कोणीतरी बसलेलं आहे. इथे कोणीच नाही. अनारेस नावाच्या रखरखीत चंद्रावर माणसं आपण होऊन राहायला गेलीत. सरकार नाही, कायदा नाही, तुरुंग नाही, मालकी नाही. मुलाचं नावसुद्धा संगणक देतो, म्हणजे दोन माणसांचं एक नाव नको. लेखिकेला हा समाज मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याची खोड ती जास्त बारकाईने दाखवते. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याचं काम अडवणाऱ्याकडे कसलाच अधिकार नाही, फक्त वजन आहे. छापायचं तर शोधनिबंधावर त्याचंही नाव घालावं लागतं. शेवेकच्या टिरिन नावाच्या मित्राने एक नाटक लिहिलं, लोकांना ते खटकलं. शिक्षा कोणी दिली नाही. फक्त त्याला त्याच्या कामाची नेमणूक कधी मिळालीच नाही, रस्त्याच्या कामावर पाठवत राहिले, आणि तो वेड्यांच्या इस्पितळात पोचला. सोसायटीच्या मीटिंगांना बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

वाचायला देताना एक सांगून ठेवा: प्रकरणं आलटून-पालटून दोन जगांत आणि दोन काळांत चालतात, एक अनारेसवर लहानपणापासून पुढे, एक शेजारच्या श्रीमंत ग्रहावर. हे माहीत नसलं की तिसऱ्या प्रकरणात लोक पुस्तक मिटतात.